चाळीस दिवसांचा हिशेब

आपल्या घरांत बाळंतिणीच्या रक्ताचा हिशेब फार काटेकोर ठेवला जातो. कोणत्या दिवशी थांबलं, पुन्हा कधी दिसलं, चाळीस दिवस झाले की नाही, गुसल कधी, नमाज कधीपासून, रमजान आला तर किती रोजे कजा झाले, हे सगळं दादी-नानींना तोंडपाठ असतं. लग्नात मुलीला 'बहिश्ती जेवर' द्यायची रीत अनेक घरांत होती. त्या पुस्तकातही हैज, निफास आणि इस्तिहाजाचे मसले तपशिलात आहेत. एवढा हिशेब ठेवणाऱ्या समाजात एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. हे रक्त वेळेवर गोठतंय का? की नको तिथे गोठतंय?

मी दौंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. माहेर शिरूरचं. त्यामुळे दोन्ही तालुक्यांतल्या बायकांच्या रिपोर्टांशी रोजचा संबंध येतो. गरोदर बाईच्या हातातल्या चिठ्ठीवर हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही, कावीळ, लघवी असं सगळं असतं आणि ते असायलाच हवं. रक्त गोठण्याची तपासणी मात्र क्वचित असते. असली तर सिझेरियनच्या आदल्या दिवशी, घाईघाईत. 'तुला पाळी आली तेव्हापासून रक्त जास्त जातं का?', 'दात काढल्यावर किती वेळ रक्त आलं?', 'घरात कुणाला असं होतं का?' हे प्रश्न तर जवळजवळ कुणीच विचारत नाही. या प्रश्नांना पैसे लागत नाहीत.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. बाईच्या रक्तस्रावाची कहाणी ही लपवायची गोष्ट नाही. ती अख्ख्या घराण्याची वैद्यकीय नोंद आहे. ती निकाहाच्या आधी घरात, आणि गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत दवाखान्यात, विचारली आणि लिहिली गेली पाहिजे. जे आजार 'दुर्मीळ' म्हणून बाजूला टाकले जातात, त्यांतले बरेचसे केवळ न विचारल्यामुळे दुर्मीळ दिसतात.

चाळीस आणि बेचाळीस

हनफी मसलकात निफासची जास्तीत जास्त मुदत चाळीस दिवस आहे, शाफई मसलकात साठ. आपल्या दख्खनी भागात बहुतेक जण हनफी, म्हणून चाळीसचा चिल्ला. वैद्यकशास्त्रात बाळंतपणानंतरचा काळ सहा आठवड्यांचा, म्हणजे बेचाळीस दिवसांचा धरतात. मातामृत्यूची गणनाही बाळंतपणानंतरच्या बेचाळीस दिवसांपर्यंत होते. दोन आकडे इतके जवळ आले की लोकांच्या मनात ते एक होतात. गडबड इथेच सुरू होते.

फिकहमधली मुदत इबादतीसाठी आहे. नमाज कधी माफ आणि कधी फर्ज, एवढंच ती सांगते. चाळीस दिवस कितीही रक्त गेलं तरी ते ठीकच, असं ती कुठेही म्हणत नाही. पण घरात नेमका तोच अर्थ लावला जातो. विसाव्या दिवशी अचानक लाल रक्ताची धार सुरू झाली तर 'अभी चिल्ला पूरा नहीं हुआ, निफासच है' म्हणून बाईला पडून राहायला सांगतात.

खरं तर आपल्या परंपरेतच या समजाला उत्तर आहे. सतत रक्त जाणाऱ्या फातिमा बिंत अबी हुबैश यांनी नबींना विचारलं होतं की, मी नमाज सोडून देऊ का? तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की हे हैज नाही, हे नसेतून येणारं रक्त आहे. ही रिवायत बुखारीत आहे. उम्मे हबीबा बिंत जहश यांना सात वर्षं हा त्रास होता, आणि त्यांची बहीण हमना यांचाही असाच उल्लेख हदीसच्या ग्रंथांत येतो. मी इथे कुणाचं निदान करत नाही. पण एकाच घरातल्या दोन बहिणी म्हटल्यावर आजचा डॉक्टर पहिला प्रश्न घराण्याबद्दलच विचारेल. शिवाय त्या बायकांनी आपला त्रास उघडपणे विचारला, त्यांना लाज घातली गेली नाही आणि हे रक्त शरीराच्या बिघाडाचं आहे असंच उत्तर मिळालं. चौदाशे वर्षांनंतर आपण त्यांच्यापेक्षा जास्त लाजतो.

रक्त न गोठण्याचे आजार

रक्त गोठायला दोन गोष्टी लागतात. प्लेटलेट नावाच्या पेशी, आणि रक्तातली प्रथिनं, ज्यांना फॅक्टर म्हणतात. यांतलं एक जरी कमी असलं किंवा नीट काम करत नसलं तरी बाईला आयुष्यभर त्रास होतो. पण तो त्रास पाळीच्या आड लपतो. सात दिवसांपेक्षा जास्त पाळी, दर तास-दोन तासांनी बदलावा लागणारा पॅड, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी, सततचा अशक्तपणा. यावर घरचं उत्तर ठरलेलं असतं, 'तेरी अम्मी का भी ऐसाच था.' हे ऐकून घरातल्यांना दिलासा मिळतो. डॉक्टरच्या कानाला मात्र हा आनुवंशिक आजाराचा पुरावा आहे.

यातला सर्वांत जास्त आढळणारा आजार म्हणजे व्हॉन विलेब्रँड. फिनलंडचे डॉ. एरिक फॉन विलेब्रँड यांनी १९२६ साली त्याचं पहिलं वर्णन केलं, तेही ऑलंड बेटांवरच्या एका लहान मुलीवरून. तिच्या अनेक भावंडांना रक्तस्रावाचा त्रास होता आणि काही बहिणी लहानपणीच गेल्या होत्या. ती मुलगी पुढे किशोरवयात, चौथ्या पाळीत रक्त जाऊन वारली. हिमोफिलिया पुरुषांचा म्हणून माहीत होता. रक्त न थांबण्याचा आजार बाईलाही होतो हे जगाला कळायला एका मुलीचा जीव जावा लागला.

गरोदरपणात या आजाराचा एक फसवा भाग आहे. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर आणि फॅक्टर आठ हे दोन्ही गरोदरपणात आपोआप वाढतात. म्हणजे आठव्या महिन्यात केलेली तपासणी अगदी व्यवस्थित येऊ शकते. बाळंतपणानंतर काही दिवसांतच ही पातळी खाली येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रक्तस्राव सुरू होतो. तोपर्यंत बाई घरी आलेली असते, चिल्ल्यात असते. ज्या दिवसांत आपण रक्ताला 'निफासच' म्हणतो, त्याच दिवसांत हा आजार डोकं वर काढतो.

दुसरा एक आजार याहून दुर्मीळ आहे. बाईला आयुष्यात कधी त्रास नसतो, बाळंतपण सुखरूप होतं, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी अंगावर मोठे काळेनिळे डाग उमटतात, स्नायूंत रक्त साठतं, रक्तस्राव थांबत नाही. शरीर स्वतःच्याच फॅक्टर आठविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू लागतं. याला अर्जित हिमोफिलिया म्हणतात. त्याची पहिली खूण एपीटीटी या साध्या चाचणीत मिळते. ही वेळ लांबलेली असते, आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा मिसळूनही ती नीट होत नाही. मोठं यंत्र लागत नाही, फक्त कुणाच्या तरी मनात संशय यावा लागतो. त्याऐवजी आपल्याकडे डाग पाहून नजर उतरवली जाते.

मुलाच्या खतन्यात मिळणारी सूचना

एक खूण तर फक्त आपल्याच घरांत मिळते. मुलाच्या खतन्यानंतर रक्त दोन-तीन दिवस थांबलं नाही, टाके घालावे लागले, पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं, असा किस्सा अनेक खानदानांत सांगितला जातो. तो किस्सा म्हणून सांगतात आणि विसरतात. हिमोफिलिया आईकडून मुलाकडे येतो. म्हणजे खतन्यात ज्याचं रक्त थांबलं नाही, त्याची आई, खाला आणि बहिणी यांच्यातही तोच दोष असू शकतो. अशा अनेक बायकांचा स्वतःचा फॅक्टरही कमी असतो. बाळंतपणात त्यांना धोका आहे आणि त्यांच्या मुलग्यालाही आहे. अशा बाळंतपणात चिमटा किंवा व्हॅक्यूम टाळायचं असतं आणि बाळाला स्नायूत इंजेक्शन देताना काळजी घ्यायची असते. एका खतन्याची नोंद ठेवली तर दोन पिढ्यांच्या बाळंतपणांची तयारी होते. अंदलुसचे अबुल कासिम अल-जहरावी यांनी हजार वर्षांपूर्वी एका गावातल्या पुरुषांना किरकोळ जखमेनेही जिवावर बेतणारा रक्तस्राव होतो, हे लिहून ठेवलं होतं. त्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांची लिहून ठेवायची सवयही घ्यायला हवी.

रक्त नको तिथे गोठतं तेव्हा

आता उलट बाजू. गरोदरपणात शरीर रक्त गोठण्याची ताकद वाढवतं. बाळंतपणात रक्त कमी जावं म्हणून निसर्गाची ही सोय आहे. पण काही बायकांत प्रोटीन सी, प्रोटीन एस किंवा अँटीथ्रोम्बिन जन्मतःच कमी असतं, काहींत अँटीफॉस्फोलिपिड नावाची प्रतिपिंडं असतात. त्यांच्या पायाच्या शिरेत, फुप्फुसात किंवा मेंदूत गुठळी होऊ शकते. हा धोका सगळ्यांत जास्त बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत असतो. पुन्हा तेच चाळीस दिवस.

मेंदूतल्या शिरांत गुठळी होण्याचा प्रकार आपल्या देशातल्या डॉक्टरांनी फार पूर्वीपासून पाहिला आहे. मदुराईचे डॉ. के. श्रीनिवासन यांनी १९८३ साली गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरांत किंवा धमन्यांत गुठळी झालेल्या १३५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लक्षणं सांगते. न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, धूसर दिसणं, झटके, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, असंबद्ध बडबड. ही यादी वाचताना तुम्हाला आपल्या मोहल्ल्यातली एखादी बाळंतीण आठवली असेल. तिला त्या वेळी काय म्हटलं होतं? शेजारच्या मराठी घरांत 'बाळंतवात' म्हणतात, 'बाहेरचं झालं' म्हणतात. आपण 'असर है', 'साया है' म्हणतो. मग आमिल येतो, तावीज येतो, पाणी दम करून दिलं जातं, आणि दोन-तीन दिवस जातात. या आजारात तेच दिवस मोलाचे असतात, कारण वेळेत स्कॅन करून औषध सुरू झालं तर बहुतेक बायका चांगल्या बऱ्या होतात. दुआ करायला कुणाची मनाई नाही. पण गाडी आधी दवाखान्याकडे वळली पाहिजे, दुआ गाडीतही करता येते.

बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, 'पेट फूलता' म्हणून, ही आपल्या भागातली जुनी सवय आहे. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं आणि गुठळीला मदत मिळते. यात आणखी एक स्थानिक धागा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास केला. त्यात सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं आणि ३० टक्के मातांत होमोसिस्टीन वाढलेलं होतं. वाढलेलं होमोसिस्टीन हे गुठळी होण्यामागचं एक कारण मानलं जातं. आपण गोश्त खाणारे, आपल्याला बी-१२ कमी कसं पडेल, असं कुणी म्हणेल. त्यांनी फक्त हे पाहावं की दस्तरखानावर गोश्त आधी कुणाच्या ताटात जातं आणि सुनेच्या ताटापर्यंत काय उरतं.

रमजानचे रोजे सुटू नयेत किंवा हज-उमऱ्यात अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून सहज आणल्या जातात. ज्या बाईला बाळंतपणात किंवा आधी कधी गुठळी झाली आहे, तिच्यासाठी या गोळ्या धोक्याच्या असू शकतात. डॉक्टरला न विचारता त्या घेऊ नयेत. शरीयतने या दिवसांत जी सवलत दिली आहे, ती नाकारून जीव धोक्यात घालण्यात सवाब शोधू नये.

मूल टिकत नाही, दोष कुणाचा?

सर्वांत जास्त अन्याय होतो तो इथे. तीन-चार वेळा गर्भ पडला की घरात बाईबद्दल शब्द बदलतात. 'कोख में नहीं ठहरता.' मग दुसऱ्या निकाहाची कुजबुज सुरू होते, कुठे खुला तर कुठे तलाक. तोपर्यंत एकदाही तिचं रक्त त्या दिशेने तपासलेलं नसतं.

वारंवार गर्भपात होण्याची जी कारणं औषधाने आटोक्यात येतात, त्यांत अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम महत्त्वाचं आहे. लंडनच्या डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ साली हा आजार नीट मांडला. लागोपाठ तीन गर्भपात, किंवा दहा आठवड्यांनंतर निरोगी गर्भ दगावणं, एवढ्यावर ही तपासणी करायला हवी. तीन वेगवेगळ्या चाचण्या असतात आणि रिपोर्ट सदोष आला तर बारा आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करतात. उपचार म्हणजे कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन आणि हेपारीनची इंजेक्शनं. बऱ्याच जणींना यानंतर मूल होतं.

दुसरं कारण फार दुर्मीळ पण लक्षात ठेवण्यासारखं. फॅक्टर तेराची कमतरता. यात पीटी, एपीटीटी, प्लेटलेट सगळं नॉर्मल येतं आणि तरी बाईचा गर्भ टिकत नाही. अशा मुलीची जन्मानंतर नाळ गळताना अनेक दिवस रक्त आलेलं असतं. ही आठवण फक्त तिच्या नानीकडे किंवा अम्मीकडे असते. निदानाची प्राथमिक चाचणी अगदी साधी आहे. रक्ताची गाठ युरियाच्या द्रावणात ठेवून ती विरघळते का ते पाहायचं. दोष सापडला तर साधारण महिन्यातून एकदा फॅक्टर किंवा क्रायोप्रेसिपिटेट देऊन गर्भ टिकवता येतो. अशा आजारांची सखोल तपासणी करणारी सरकारी संस्था आपल्याच राज्यात आहे. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून ती सुरू झाली. दौंडहून मुंबईला रेल्वेने जाता येतं. तिथे जायचं आहे हे कुणीतरी सांगावं लागतं, एवढंच.

हेपारीनबद्दल उघड बोलायला हवं. बहुतेक हेपारीन डुकराच्या आतड्यापासून बनतं. डॉक्टर हे सहसा सांगत नाहीत. मग कुठून तरी कळतं आणि मधेच इंजेक्शन बंद केली जातात. हे सर्वांत घातक. सूरह बकराच्या १७३व्या आयतीत नाइलाज झालेल्या माणसाला सूट आहे आणि जरूरतचं तत्त्व फिकहमध्ये सर्वमान्य आहे. पूर्ण रूपांतर झालेल्या पदार्थाचा हुकूम बदलतो, असंही अनेक उलेमा मानतात. फोंडापॅरिनक्स नावाचं कृत्रिम औषध आहे, पण गरोदरपणात त्याचा अनुभव कमी असल्याने ते खास परिस्थितीतच देतात. माझं मत असं की बाईला औषध कशापासून बनतं हे आधीच सांगावं, शंका असेल तर आलिमाला पहिल्याच आठवड्यात विचारावं, आणि शेवटचा निर्णय तिचा असावा. सासऱ्यांचा नाही, आणि तिच्यापासून माहिती लपवणाऱ्या डॉक्टरचाही नाही.

नात्यातली लग्नं आणि रिश्त्याची भीती

फॅक्टर तेरा, फॅक्टर सात, फॅक्टर दहा यांची कमतरता, व्हॉन विलेब्रँडचा तीव्र प्रकार, किंवा १९१८ साली डॉ. ग्लान्झमान यांनी वर्णन केलेला प्लेटलेटचा आजार, हे सगळे तेव्हा होतात जेव्हा आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक येतं. सख्ख्या चुलत, मावस, आते-मामे भावंडांत आठवा हिस्सा जनुकं सामाईक असतात. म्हणून नात्यातल्या लग्नात दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते, आणि दोघे वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारात एक मूल आजारी होऊ शकतं.

हे वाचून लगेच कुणी म्हणेल, हा मुसलमानांचा आजार. तसं नाही. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रातल्या अनेक हिंदू जातींतही मानाचं मानलं जातं, आणि दक्षिणेतल्या राज्यांत सर्व धर्मांत नात्यातली लग्नं मोठ्या प्रमाणात होतात. पण दुसरे करतात म्हणून आपण विचारच करायचा नाही, हा युक्तिवाद आपल्या चळवळीने कधी मानलेला नाही. नात्यात लग्नाची शरीयतमध्ये इजाजत आहे, हुकूम नाही. ज्या खानदानात रक्तस्रावाची नोंद आहे, तिथे नात्यात निकाह करण्याआधी दोघांची तपासणी व्हावी, एवढंच मागणं आहे. मेहरवर तासभर बोलणी होतात, त्यात दहा मिनिटं यासाठी जड नाहीत.

खरी अडचण भीतीची आहे. 'लड़की में बीमारी है' हे बाहेर गेलं तर रिश्ता येणार नाही, म्हणून अम्मी लपवते. मुलगीही सासरी लपवते. मग प्रसूतीच्या खोलीत, डॉक्टरला काहीच माहिती नसताना, ते रक्त स्वतःच सगळं सांगतं. तरुण वाचकांना, विशेषतः मुलग्यांना, माझं सांगणं आहे. या आजारांत मुलाकडचं जनुकही तितकंच जबाबदार असतं. तेव्हा प्रश्न फक्त मुलीला विचारू नका, स्वतःच्या घरातही विचारा. आणि उत्तर 'हो' आलं तर रिश्ता मोडायचं कारण समजू नका. आजार माहीत असलेली बाई माहीत नसलेल्या बाईपेक्षा कितीतरी सुरक्षित असते.

तालुक्यात काय व्हायला हवं

२०१८-२० च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होत होते, देशाची सरासरी ९७ होती. आपलं राज्य पुढे आहे, ही चांगली गोष्ट. म्हणूनच आता 'दुर्मीळ' म्हणून सोडलेल्या कारणांकडे पाहायची वेळ आली आहे.

पहिली गोष्ट, प्रश्न. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते का, दात काढल्यावर किंवा जखमेत रक्त थांबायला वेळ लागला का, आधीच्या बाळंतपणात किंवा गर्भपातात जास्त रक्त गेलं का, स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला गुठळी किंवा रक्तस्रावाचा आजार आहे का. हे चार प्रश्न माता-बाल संरक्षण कार्डावर पहिल्याच भेटीत लिहिले जावेत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तिथे हे सहज जमेल.

दुसरी, चाचणी जागेवर. एकाही प्रश्नाला 'हो' आलं तर प्लेटलेट, पीटी आणि एपीटीटी तालुक्यातच व्हावी. यामागे तांत्रिक कारण आहे. निळ्या टोपीच्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असं प्रमाण लागतं. नळी अर्धवट भरली तर रिपोर्ट खोटा येतो, आणि एपीटीटी साधारण चार तासांत व्हायला हवी. शिरूरहून निघालेला नमुना वाघोलीच्या कोंडीत आणि दौंडचा हडपसरच्या कोंडीत अडकला की त्याचा उपयोग संपतो. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात गरोदर मातेची तपासणी, रक्त आणि वाहतूक मोफत आहे. शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात आणि दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात या चाचण्या रोज होतात का, हे आपल्या कार्यकर्त्यांनी लेखी विचारावं. होत नसतील तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे मागणी करावी.

तिसरी, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड. १९६२ साली जपानच्या डॉ. उताको ओकामोतो आणि त्यांच्या पतीने शोधलेलं हे स्वस्त औषध. २०१७ साली २१ देशांतल्या वीस हजारांहून अधिक बायकांवरच्या अभ्यासात दिसलं की बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात ते तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी होतात. ससून इथून सत्तर-ऐंशी किलोमीटर. म्हणजे हे इंजेक्शन पुण्याला पोहोचल्यावर नाही, अ‍ॅम्ब्युलन्स निघण्याआधी द्यायला हवं.

चौथी, चिल्ल्यातल्या भेटी. आशाताई बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्या वेळी त्यांना ओट्यावरून परत पाठवू नका, आईजवळ बसू द्या. रक्त पुन्हा वाढलं का, एका पायाला सूज आहे का, धाप लागते का, डोकं सतत दुखतं का, एवढं विचारायला पाच मिनिटं लागतात.

आणि शेवटची गोष्ट कायद्याची. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांचा समावेश झाला, हे मोठं पाऊल होतं. पण त्या कायद्यातली हिमोफिलियाची व्याख्या म्हणते की हा आजार सहसा फक्त पुरुषांना होतो आणि बायका तो मुलग्यांपर्यंत पोहोचवतात. म्हणजे कायद्याच्या नजरेत बाई ही फक्त वाहक, रुग्ण नाही. व्हॉन विलेब्रँड आणि इतर फॅक्टरच्या कमतरता तर त्या यादीत नावानेही नाहीत. बायकांना होणारे रक्तस्रावाचे आजार या कायद्यात स्पष्टपणे यावेत, ही मागणी आपण केली पाहिजे. ती कुठल्या एका समाजाची मागणी नाही, देशातल्या सगळ्या बायकांची आहे, आणि मुस्लिम तरुणांनी ती पुढे होऊन मांडली तर त्यात आपला मानच आहे.

सुरुवात मात्र घरातूनच करता येते. आज रात्री जेवताना अम्मीला, फुप्पीला, खालाला विचारा, तुमच्या बाळंतपणात रक्त किती गेलं होतं? पहिल्यांदा त्या हसतील, विषय टाळतील. पुन्हा विचारा, आणि जे सांगतील ते तारीख घालून वहीत लिहून ठेवा. ती वही बहिणीच्या, बायकोच्या किंवा तुमच्या स्वतःच्या पहिल्या तपासणीच्या दिवशी डॉक्टरसमोर ठेवा.